दोनशे पानी

जालन्यात, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये,
जिथं एरवी लग्नाची ताटं मोजून ठेवतात,
मी बत्तीस वह्या वाटल्या.
मागच्या पुठ्ठ्यावर तीसपर्यंत पाढे.
फळ्यावर लिहिलं: रोज तीन गोष्टी, ज्यांच्यासाठी आभार.
पुण्याच्या शिबिरात मला असंच शिकवलं होतं.
तिथं खुर्च्यांना गाद्या होत्या.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, जरा लांबली.
मग पंखा, मग पेनांची टोपणं,
मग मागून कुणीतरी, "मार्क असतात का?"

शमुवेल बोर्डे स्टील मिलमधून रात्रपाळी करून तसाच आलेला.
पहिल्या ओळीत त्यानं लिहिलं: बोटं दहा.
दुसऱ्या ओळीत: दहाही.
तिसरीवर त्याला झोप लागली.
तरुण संघाच्या केझियानं समासात बदाम काढले.
तिच्या आईनं, कुणी बघत नाही असं बघून,
दुधाचा हिशेब मांडला.

सालोमीबाई त्रिभुवन वही मांडीवर घेऊन बसली,
शेजारणीचं ओलं पोर धरावं तशी, जरा लांबून.
"मला कुटं लिव्हता येतं. तू लिही, मी सांगते."
मी पेन उघडलं.
"सोमवार. काई नाई."
मावशी, नीट आठवा, काहीतरी असेलच.
श्वास चालू आहे, सूर्य उगवला...
"ते त्याचं कामच हाय. लिही, काई नाई.
मंगळवार. काई नाई. गुडघा."
मी फळ्याकडे पाहिलं. माझंच अक्षर, वळणदार.
"देवापुढं खोटं कामून लिव्हायचं, माय?"

बुधवारपाशी ती थांबली.
"नळ आला. अकराव्या दिवशी, रातच्या अडीचला.
या कानानं मला काई ऐकू येत नाई.
पलीकडच्या नूरजहाँनं दार वाजवलं,
मी उठेस्तोवर वाजवतच राहिली.
तिचाच पाईप. आधी माही टाकी भरली,
मग तिची लावली."
मी भराभर लिहीत होते. पुढं?
"पुढं काय. पाणी गेलं.
तिची अर्धीच राहिली."

कुणाचा तरी पाय ताटांना लागला.
स्टील बराच वेळ वाजत राहिलं.

"हे बसतंय का तुमच्या वहीत?"
बसतं की, म्हटलं. हेच तर बसतं.
"मग हे नूरजहाँला सांगायचं.
वहीला काय सांगायलीस?"

चारला चहा झाला, खारी झाली.
सालोमीबाईनं पट्टी मागितली,
पान सरळ फाडलं, चार घड्या केल्या,
कनवटीला खोचलं.
"तिची नात वाचून दाखवील. उर्दू शाळेत जाती,
पण मराठी येतंय पोरीला."

घरी आले. माझी स्वतःची वही,
जाड पुठ्ठ्याची, रेशमी खूणफितीची.
सहा वर्षं, रोज तीन, एकही दिवस चुकलेला नाही.
सकाळचा चहा. खिडकीतलं ऊन. चांगली झोप.
चांगली झोप. चांगली झोप.
माणसांची नावं शोधत गेले, चार सापडली.
त्यातलं एक मांजराचं.

हेलनवहिनी कुठंच नव्हती.
माझ्या बी.एड.च्या फीसाठी तिनं एक पाटली मोडली,
आणि नुसती एक बरी दिसत नाही म्हणून
दुसरीही काढून ठेवली, काचेच्या घातल्या दोन्ही हातांत.
दादाशी फाटलं तेव्हा कोर्टाच्या बाकावर
मी दादाच्या बाजूला बसले होते.
तिनं बघितलं एकदा, आणि पदर नीट केला.
आता अंबडला असते म्हणतात.

लिहायला बसले. तारीख लिहिली.
मग वहिनी, मग स्वल्पविराम,
मग बराच वेळ तो स्वल्पविरामच.
पान भरलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते.
अंबडची शेवटची गाडी किती वाजता, कुणाला विचारावं.
सगळे खण उपसले आहेत,
पट्टी सापडत नाही.